गंगावेशीमागच्या एका गल्लीची वही : वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

1 जून 2024, शनिवार

आजपासून एक वर्ष आमच्या गल्लीचे रोजचे जगणे लिहून ठेवायचे ठरवले आहे. कोल्हापूर आता मोठे शहर झाले असले, तरी गंगावेशीच्या मागची ही गल्ली अजून गावासारखीच चालते. कोणाकडे पाहुणे आले आणि कोणाचा गॅस संपला, हे सकाळी आठच्या आत सर्वांना ठाऊक झालेले असते.

कारण सांगायचे तर ते 2019 च्या पुरात आहे. त्या ऑगस्टमध्ये घरात चार फूट पाणी शिरले आणि सासऱ्यांच्या किराणा दुकानाच्या जमाखर्चाच्या सगळ्या वह्या गेल्या. एकच वाचली, 1978 सालची, कारण ती नणंदेकडे राहिली होती. त्या वहीत उधारीच्या आकड्यांच्या बाजूला एका दिवशी सासऱ्यांनी लिहिले आहे, "पाऊस नाही. चक्की बंद." एवढेच. मी ते सासूबाईंना वाचून दाखवले आणि त्या अर्धा तास बोलत राहिल्या. "चक्कीचा पट्टा तुटला हुता. तीन दिवस जात्यावर दळलं आम्ही. माझ्या हाताला फोड आलं, आन् ह्यांनी लिवलं काय, तर चक्की बंद!" सासऱ्यांनी ते दोन शब्द लिहिले नसते, तर ते जाते आणि ते फोड कोणालाच आठवले नसते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

सामान असे घेतले: जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची दोन रजिस्टरे, प्रत्येकी 120 रुपये, निळ्या शाईची बाटली 40 रुपये. शाईचे पेन घरात होतेच. बँकेच्या काउंटरवर तीस वर्षे त्याच पेनाने लिहिले, त्यामुळे दुसरे काही वापरण्याचा विचारही मनात आला नाही. तो करायला हवा होता, हे पुढे येईलच.

16 जून 2024, रविवार

पंधरा दिवस झाले म्हणून पहिल्यापासून वाचून पाहिले आणि वही मिटून ठेवावीशी वाटली. पंधरापैकी सहा दिवसांपुढे "आज विशेष काही नाही" असे लिहिलेले आहे. 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला, त्या दिवसाची मात्र अडीच पाने भरली आहेत, आणि त्यांत असे एकही वाक्य नाही जे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळणार नाही. राहिलेल्या दिवसांत उकाड्याबद्दलची माझी मते आहेत. पन्नास वर्षांनी कोणी ही वही उघडली, तर त्याला एवढेच समजेल की गल्लीत एक बाई राहत होती आणि तिला फार उकडत असे.

चूक अशी झाली की मी रात्री झोपताना लिहीत होते. रात्री आठवते ते फक्त वेगळे घडलेले. रोजचे असते ते रोजचे असल्यामुळेच आठवत नाही.

उद्यापासून पद्धत बदलत आहे. सकाळी साडेसहा ते सहा पन्नास दारच्या पायरीवर बसायचे आणि तिथेच लिहायचे. पाऊस असेल तर उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसायचे, पण वेळ चुकवायची नाही. प्रत्येक दिवशी चार गोष्टी ठरलेल्या: नळाला पाणी किती वाजता आले, दूध आणायला गेले तेव्हा गंगावेशीच्या कट्ट्यावर किती म्हशी उभ्या होत्या, गल्लीत ओरडत कोण कोण आले, आणि चौथी, सासऱ्यांच्या वहीवरून घेतलेली, आज जे व्हायला हवे होते त्यातले काय झाले नाही. भावांच्या बाबतीत सगळ्या भाज्यांचा हट्ट सोडला. कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या पेंडीचा भाव विचारायचा, आठवड्यातून एकदाच आणि नेहमी एकाच मावशींकडे.

2 जुलै 2024, मंगळवार

नवी पद्धत बसते आहे. "काय झाले नाही" हा रकाना रिकामा राहील असे वाटले होते, प्रत्यक्षात तोच सर्वांत भरतो. मंगळवारी फुलवाली आली नाही. वरच्या अंगाच्या घरातून सहाला लागणारा रेडिओ लागला नाही. शाळेची रिक्षा आलीच नाही आणि तिघा मुलांना त्यांच्या आजोबांनी स्कूटरवर पुढे-मागे बसवून नेले.

कट्ट्यावरची नोंद मात्र पहिल्या आठवड्यात चुकत होती. म्हशी मोजायला मी कधी सहाला जात होते, कधी सातला, आणि आकडे बारा ते चार असे वरखाली होत होते. म्हशी तेवढ्याच असतात; मोजणारी वेळेवर नसते. आता दूध घ्यायची वेळ सहा दहा ठरवली आहे. तिथे थोडे थांबले, तेव्हा एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षे दूध पिऊनही पाहिली नव्हती. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन धारा खाली सोडून देतो आणि मगच भांडे लावतो. दूध पेल्यात ओतताना हात वर नेत नेत फेस उभा करतो. पेला भरल्यासारखा दिसतो, पण जाणते गिऱ्हाईक फेस बसेपर्यंत पेला तोंडाला लावत नाही आणि हातही मागे घेत नाही. मग गवळी न बोलता वरून आणखी एक धार देतो. या व्यवहारात दोघांपैकी कोणीही शब्द उच्चारत नाही. त्या दिवशी हे एकच लिहिले आणि मला वाटते, वहीतले पहिले कामाचे पान तेच आहे.

19 जुलै 2024, शुक्रवार

आषाढातील त्र्यंबोलीची, म्हणजेच टेंबलाई देवीची, यात्रा. नदीला नवे पाणी आले की मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून ते कलशांत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. पिपाणी आणि ढोल यांच्या आवाजावरून कोल्हापुरात याला "पी ढबाक" असेच म्हणतात. हा आवाज शब्दांत उतरत नाही म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे ठरवले होते.

ते पूर्ण वाया गेले. मी कठड्यावर मोबाइल ठेवला आणि स्वतः बघत उभी राहिले. रात्री ऐकले तर निम्म्या वेळात वाऱ्याची फरफर, मग शेजारचा मिक्सर, आणि मिरवणूक अगदी दारात आली तेव्हा ढोलाचा आवाज इतका फाटलेला की पत्र्यावर दगड पडत आहेत असे वाटावे. सतरा मिनिटांतून कामाचे वीस सेकंद निघाले.

पुढच्या मंगळवारी पलीकडच्या तालमीची यात्रा निघणार आहे. तेव्हा मिरवणुकीपासून तीस-चाळीस फूट लांब, भिंतीच्या कोपऱ्याआड उभे राहायचे आणि मोबाइलच्या खालच्या टोकावर, जिथे माइकचे छिद्र असते तिथे, मोजा चढवायचा. भाच्याने सांगितलेली ही युक्ती घरात आधी करून पाहिली. पंख्याचा वारा खरोखर ऐकू येत नाही.

(23 जुलै, मंगळवार. मोज्याने काम केले. पिपाणी स्वच्छ आली आहे. आणखी एक सुधारणा: मुद्रण थांबवण्यापूर्वी तारीख, वार आणि जागा आपल्याच आवाजात बोलून ठेवते. फाइलचे नाव कोणी बदलले तरी आतला आवाज बदलत नाही. फाइलचे नावही आता आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे देते, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.)

25 जुलै 2024, गुरुवार

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे आमच्या भागात पोरासोरांनाही पाठ असते. पाणी धोक्याकडे चालले आहे आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आहे. 2019 नंतर वाट पाहत बसण्याचे धैर्य आमच्यात उरलेले नाही. सासूबाईंना घेऊन राजारामपुरीत नणंदेकडे निघत आहोत. दोन्ही रजिस्टरे, सासऱ्यांची वही आणि कागदपत्रे पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर सर्वांत उंच ठेवली. खाली काही ठेवलेले नाही. या वेळी चूक होणार नाही.

30 जुलै 2024, मंगळवार

चूक झाली. पाणी जामदार क्लबाच्या बाजूने चढले, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. उंबरा कोरडा आहे. ट्रंक मात्र वरून भिजली. मांजराने की कशाने कोण जाणे, एक कौल सरकला होता आणि पाच दिवस त्या फटीतून पाऊस नेमका ट्रंकेच्या झाकणावर गळत राहिला. ट्रंक जुनी असल्यामुळे झाकणाच्या कडेने पाणी आत गेले. नदीपासून वाचवण्यासाठी वह्या जितक्या वर नेल्या तितक्या त्या पावसाच्या जवळ गेल्या, हे मला ट्रंक उघडेपर्यंत सुचले नाही.

नुकसान असे: सासऱ्यांची वही तेलकट कापडात गुंडाळलेली असल्याने वाचली. पहिल्या रजिस्टरची सुरुवातीची चौदा पाने आता पाने राहिलेली नाहीत. शाईच्या पेनाची निळी शाई पाण्यात विरघळते. अक्षरांच्या जागी फिकट निळे ढग आहेत आणि समोरासमोरची पाने एकमेकांत रंगली आहेत. पण मधेच दोन पाने जशीच्या तशी आहेत. त्या दिवशी पेन सापडले नव्हते म्हणून मी सासूबाईंच्या औषधांच्या डब्यातील दोन-पाच रुपयांचे बॉलपेन उचलले होते. बॉलपेनाची शाई तेलकट असल्यामुळे पाण्याने पसरत नाही, हे बँकेत तीस वर्षे पावत्या हाताळूनही मला माहीत नव्हते, किंवा माहीत असून लक्षात नव्हते.

(इथून पुढचे काम संपल्यावर जोडले आहे.) काय केले ते सविस्तर लिहिते, कारण पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही याची गरज पडेल. पहिला मोह उन्हात वाळत घालण्याचा होता. ऊन नव्हतेच, आणि असते तरी कागद वाकडा होऊन पाने पापडासारखी झाली असती. पाने ओढून सोडवण्याचाही मोह आवरला, कारण ओला कागद बोटाच्या नखानेसुद्धा फाटतो. एक पान तसे फाडूनच हे शिकले. कडांना काळे ठिपके आले होते, म्हणजे बुरशी सुरू झाली होती. ओला कागद दोन दिवसांच्या वर तसाच राहिला की बुरशी येतेच, आणि आम्हाला पाच दिवस झाले होते.

सगळी पाने एकाच दिवशी हाताळणे शक्य नव्हते म्हणून दोन्ही रजिस्टरांचे मी दोन भाग केले. ज्यांवर लगेच काम करायचे ती पाने घरी ठेवली. बाकीचे तसेच ओले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, नणंदेच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी ठेवले. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. कागद बरा होत नाही, पण जिथे आहे तिथे थांबतो आणि आपल्याला वेळ मिळतो. आमच्या घरी वीज अधूनमधून जात असल्यामुळे आमचा फ्रीज यासाठी उपयोगाचा नव्हता.

घरच्या पानांमध्ये टिपकागद घालून, वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवला. टिपकागद दर दोन तासांनी बदलले. पहिल्या रात्री टिपकागद संपल्यावर वर्तमानपत्र घातले, ही आणखी एक चूक. ओल्या पानावर छापील शाईचे उलटे मथळे उमटले आणि आता 11 जूनच्या नोंदीवर खतांच्या जाहिरातीची सावली आहे. त्यानंतर कोरे, न छापलेले कागदच वापरले. पंखा पानांवर थेट नाही, खोलीत फिरेल असा लावला. बुरशी पुसायची घाई केली नाही. पूर्ण वाळल्यावर, तोंडाला रुमाल बांधून, अंगणात मऊ ब्रशने झाडली. ओली असताना पुसली की ती कागदात मुरते.

खर्च: टिपकागद आणि कोरे कागद 260 रुपये, कौल बदलणे 400 रुपये. वेळ: अकरा दिवस. परत मिळाले ते चौदापैकी साडेतीन पानांएवढे. त्यातलेही काही मी आठवून पुन्हा लिहिले, आणि तिथे "आठवणीतून, 10 ऑगस्ट" असा शेरा दिला आहे. आता सर्व लेखन बॉलपेनाने. शाईचे पेन देवघराच्या फळीवर विश्रांती घेत आहे.

9 ऑगस्ट 2024, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. आज केशवरावांची जयंती, आणि नागपंचमीही. गच्चीवरून आभाळ तांबडे दिसत होते.

आग कशी लागली, किती बंब आले, हे सगळे वर्तमानपत्रात येईल, म्हणून ते वहीत लिहिले नाही. लिहिले ते एवढेच: रात्री साडेदहानंतर गल्लीत एकही टीव्हीचा आवाज नव्हता आणि सगळी माणसे गच्च्यांवर होती. शाहू महाराजांच्या काळातले ते थिएटर; सासूबाईंनी लग्नानंतरचे पहिले नाटक तिथे पाहिले होते. कोणते, ते त्यांना आठवत नाही. चप्पल चोरीला गेली होती, एवढे आठवते. आज सकाळी पायरीवर बसले तेव्हा पाणी सहा चाळीसला आले, म्हशी नऊ, आणि लाह्यांचे पुडे घेऊन येणारी बाई नेहमीच्या वेळी आली.

22 सप्टेंबर 2024, रविवार

ही नोंद लिहायला दहा दिवस लावले आहेत. गौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "वैनी, वहीत काय लिवता ते वाचा की." मी आनंदाने वाचू लागले. म्हशी, पाणी, रेडिओ, सगळ्यांना गंमत वाटत होती. वाचता वाचता 28 जूनचे पान आले आणि "अमक्या घरी आज चूल पेटली नाही" ही ओळ, व तिच्या पुढचे कारण, मी थांबायच्या आत वाचून गेले. नाव घेतले नव्हते. गल्लीत नावाची गरज कोणाला असते? त्या घरची बाई समोरच बसली होती. तिने ओटी घेतली, कुंकू लावून घेतले आणि निघून गेली.

आठ दिवस तिने माझ्याकडे पाहिले नाही. शेवटी मीच गेले. ती भांडली असती तर सोपे झाले असते. ती म्हणाली, "खरं हाय ते, वैनी. पन आमचं खरं तुमच्या वहीत कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

दुरुस्ती अशी केली. पान फाडले नाही, कारण मागच्या बाजूला दुसऱ्या दिवसाची नोंद आहे. त्या ओळींवर जाड कागदाचा तुकडा चिकटवला. डिंकाऐवजी मैद्याची खळ वापरली आणि तीत किंचित मोरचूद घातले. बायंडर लोक तसेच करतात, त्याने कसर लागत नाही. मोरचूद विषारी असते, म्हणून त्यासाठीचे भांडे वेगळे ठेवले आहे. त्यानंतर वही दोनदा पूर्ण वाचली आणि अशा आणखी सात जागा झाकल्या. यापुढे उंबऱ्याबाहेरचे, रस्त्यावरून कोणालाही दिसेल ते लिहीन. आतले लिहायचे असेल तर आधी विचारीन आणि लिहिलेले वाचून दाखवीन. वहीचे जाहीर वाचन बंद. (जानेवारीत त्याच बाईने आपणहून मला बोलावून एक ओळ लिहून घेतली. ती ओळ इथे देत नाही.)

3 नोव्हेंबर 2024, रविवार

काल पाडवा. म्हशी सजवून बाहेर काढल्या. शिंगे रंगवलेली, त्यांना मोरपिसे बांधलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा, आणि पुढे मालकाची मोटारसायकल. तिच्या पुंगळीचा, म्हणजे सायलेन्सरचा, आवाज ऐकून म्हैस मालकामागे धावते, दुसऱ्या कोणाच्या गाडीमागे नाही. मी जिला जूनपासून रोज मोजत आहे, ती कट्ट्यावरची म्हैस मला पाठीवर काढलेल्या नक्षीमुळे आधी ओळखूच आली नाही. कानाला एक कात्रा आहे, त्यावरून ओळखली.

भाच्याने साठ फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. संगणकावर घेतल्यावर पाहिले तर फोटो बारीक झाले आहेत, आणि काढल्याची वेळ त्यांतून निघून गेली आहे. सगळ्यांवर आलेल्या दिवसाचीच तारीख. आज कालचेच असल्याने निभावले, पण मागच्या तीन महिन्यांत मी असेच गोळा केलेले दोनशेच्या वर फोटो आहेत, आणि त्यांतील गणपतीतले कोणते व पितृपक्षातले कोणते, हे आता मांडवाच्या कापडावरून ओळखत बसावे लागणार आहे. यावर उपाय सोपा होता: फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. (त्या ओळखण्यात पुढचे दोन रविवार गेले.)

12 जानेवारी 2025, रविवार

दुकानांची बिले पानांवर चिकटवण्याची कल्पना मला फार हुशारीची वाटली होती. भाव आपोआप नोंदले जातील आणि लिहिण्याचे कष्ट वाचतील. आज जूनची बिले पाहिली. कोरी आहेत. अक्षरशः कोरे गुळगुळीत कागद, तळाशी दुकानाच्या नावाची पुसट खूण. हल्ली बिले शाईने छापत नाहीत, उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर निघतात, आणि तो रंग उजेडाने, उकाड्याने, चिकटपट्टीनेही उडतो. कपाटातली बिले थोडी बरी आहेत. चिकटपट्टीखालची सर्वांत आधी गेली.

एकूण त्रेचाळीस बिले. नऊ वाचता आली. आता बिल आले की त्याच दिवशी तीन आकडे हाताने उतरवते आणि बिल टाकून देते. मेथीच्या पेंडीचा भाव तोंडी विचारून लिहिला होता, तो मात्र सलग आहे. मावशींनी परवा विचारले, "रोज भाव इचारता, घेता कवा?" तेव्हापासून घेतेही. घरात मेथी फार होते, ही तक्रार यजमानांकडून आली आहे.

2 मार्च 2025, रविवार

सासूबाईंना पूर्ण वही वाचून दाखवायला घेतली आहे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. दिवसाला चार-पाच पानांपेक्षा जास्त होत नाही. पण प्रत्येक पानावर एक तरी चूक निघते.

सर्वांत मोठी बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची. जूनमध्ये एके ठिकाणी "बेंदूर, मातीचे बैल आणले" आणि जुलैत पुन्हा "बेंदूर" असे आहे. मी जुलैचे वाचले तेव्हा त्या म्हणाल्या, "बेंदूर दोन असत्यात की गं. एक कर्नाटकी, ज्येष्ठातला. दुसरा आपला, आषाढातला. तू कुटला लिवलास?" जूनचा ज्येष्ठातला, हे तारखेवरून काढता आले, पण मातीचे बैल आमच्याकडे कोणत्या बेंदराला आणले, ते आता कोणालाच खात्रीने सांगता येईना. म्हणून प्रत्येक तारखेपुढे तिथी घालायचे काम सुरू केले. जुने पंचांग रद्दीत गेले होते. शेजारून मागून आणले. नऊ महिन्यांच्या तिथी घालायला सहा दिवस लागले. पहिल्या दिवसापासून दोन्ही लिहिल्या असत्या तर रोजचे अर्धे मिनिट लागले असते. उलटही आहे: अंबाबाईचा किरणोत्सव सूर्यावर चालतो, म्हणून तो 9 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी अशा इंग्रजी तारखांना धरून येतो. तिथे तिथी कामाची नाही. दोन्ही रकाने हवेतच.

दुसरे म्हणजे मापे. मी "दोन किलो ज्वारी" लिहिले होते. सासूबाई अजून दळणाच्या डब्याला "अर्धी पायली" म्हणतात आणि चक्कीवाल्यालाही ते समजते. ते बदलले नाही, बाजूला त्यांचा शब्द लिहिला. मी बँकेतल्या सवयीने सगळे एकसारखे करत होते आणि गल्ली तशी बोलत नाही.

12 एप्रिल 2025, शनिवार

जोतिबाची चैत्र यात्रा. सासनकाठ्या आणि गुलाल पाहायला डोंगरावर जायचे की नाही, यावर घरात चर्चा झाली. मी गेले नाही. यात्रेची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. यात्रेच्या दिवशी मागे राहिलेल्या गल्लीचे कोणी केलेले नाही. साडेसहाला पाणी आले आणि नळावर फक्त तीन घागरी. चक्की बंद. कट्ट्यावर म्हशी चार. दुपारी इतकी शांतता की वरच्या घरातल्या घड्याळाचे टोले ऐकू आले. ते घड्याळ चालू आहे हेच मला माहीत नव्हते. रात्री नऊनंतर माणसे परतली, केसांपासून चपलांपर्यंत गुलाबी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सगळ्या मोऱ्यांचे पाणी गुलाबी वाहत होते.

कल्हईवाला वर्षभरात एकदाही आला नाही. "काय झाले नाही" या रकान्यात तो नाहीच, कारण तो यायला हवा होता हे मलाही आठवले नाही. आज घड्याळाचे टोले ऐकताना आठवले.

14 जून 2025, शनिवार

31 मेला वर्ष पूर्ण झाले. 365 पैकी 348 दिवसांच्या नोंदी आहेत. राहिलेल्यांत आजारपणाचे सहा, एका लग्नाचे चार, उरलेले पावसात गेलेल्या पानांतले. दोन्ही रजिस्टरे वेगळी राहू नयेत म्हणून एकत्र बांधायला बायंडरकडे दिली. कापडी पाठ, 350 रुपये. काम सुरेख झाले आहे. घरी आणून उघडले आणि लक्षात आले की पाण्याच्या वेळा नाहीत.

मी त्या वेळा बाहेरच्या समासात, अगदी कडेला लिहीत होते, म्हणजे नजर टाकताच दिसाव्यात. बायंडरने रीतीप्रमाणे तिन्ही बाजूंनी वही कटिंग मशीनवर घेतली आणि अर्धा इंच कापला. त्याची काही चूक नाही. कडा सारख्या करणे हेच त्याचे काम, आणि मी काही सांगितले नव्हते. मी परत गेले तेव्हा कापलेल्या पट्ट्या अजून त्याच्या पोत्यात होत्या. त्याने पोते उलटे करून दिले. दोन तास बसून माझ्या अक्षरांच्या पट्ट्या वेचल्या. "6.40", "6.35", "आले नाही", "7.10", अशा शेकडो, पण कोणती कोणत्या दिवसाची, हे सांगणारे त्यांच्यावर काहीच नाही. नोव्हेंबरपासून पानांचे फोटो काढत होते, त्यामुळे त्यापुढचे परत उतरवता येईल. त्याआधीच्या पट्ट्या एका पाकिटात घालून शेवटच्या पानाला जोडल्या आहेत.

नवे रजिस्टर 130 रुपयांना आणले. चारही बाजूंनी पेन्सिलने एक इंच समास आखला आहे, त्यात काहीही लिहायचे नाही. आज पाणी सहा पस्तीसला. म्हशी आठ. कल्हईवाला आला नाही.